हाफ मार्जिन

बाबांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि चष्मा काढून बनियनच्या टोकानं पुसायला घेतला. जानेवारीतली रात्र. जेवणं आटोपली होती, टेबलावर मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांच्या सालींचा ढीग, आणि त्या ढिगाला टेकून हा कागद. मधोमध उभा दुमडून परत उलगडलेला, त्यामुळे बरोबर मध्यावर एक ताठ घडी. घडीच्या डावीकडे त्यांच्या तिरप्या, एका मापाच्या अक्षरात चार मुद्दे. उजवी बाजू कोरी. मी वाचायला लागले तसं त्यांनी विचारलं, "पेन देऊ?" मी म्हटलं, "आत्ता?" तर म्हणाले, "घाई नाही. सावकाश दे उत्तर. पण लेखी दे." आई आतून ओरडली, "काहून छळून राहिले पोरीला? दीड महिन्यात जाऊन राहिली ते, अन् तुमचं ऑडिट काही संपत नाही."

बाबा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झाले. नोकरीभर महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. चंद्रपूर, गडचिरोली, बुलढाणा. कुठल्याशा सरकारी कार्यालयात जाऊन बसायचं, वर्षभराची कॅशबुकं आणि व्हाउचरं चाळायची आणि जिथं खटकलं तिथं हाफ मार्जिन काढायचं. कागदाच्या डाव्या अर्ध्यावर ऑडिटची शंका, उजव्या अर्ध्यावर त्या ऑफिसचं उत्तर. उत्तर पटलं तर शंका तिथंच मिटते. नाही पटलं तर ती बाळसं धरते, अहवालात जाते आणि मग साहेब बदलले, बिल्डिंग बदलली तरी पिच्छा सोडत नाही. आमच्या घरात हा शब्द मी बाराखडीच्या बरोबरीनं शिकले. दहावीच्या सहामाहीत भूगोलात 41 पडले तेव्हासुद्धा बाबा रागावले नव्हते. उशीखाली एक दुमडलेला कागद सापडला होता.

यावेळचे चार मुद्दे आमच्या एक्सेल शीटवर होते. नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी लागली होती, मार्चमध्ये निघायचं होतं आणि तिथला महिन्याचा खर्च कसा बसेल याचा आम्ही दोघांनी मिळून एक तक्ता केला होता. आकडे त्याचे, रंग माझे. कौतुकानं मी त्याची प्रिंट काढून बाबांना दाखवली, इथंच चुकलं.

मुद्दा एक: युरोचा दर रु. 90 धरला आहे. दर बदलल्यास तरतूद? मुद्दा दोन: घरभाड्याची अनामत कोणत्या शीर्षाखाली दर्शविली आहे? मुद्दा तीन: आवक या सदरात पत्नीचे वेतन शून्य दर्शविले आहे. कारण स्पष्ट करावे. मुद्दा चार: देणेघेणे हे शीर्ष आढळून आले नाही.

चौथ्याला प्रश्नचिन्हही नव्हतं.

पहिल्याचं उत्तर मी तिथल्या तिथं तोंडी दिलं. खर्चही युरोत आणि पगारही युरोत, मग दराशी काय घेणं? बाबा नुसते "हं" म्हणाले. पण तो 90 चा आकडा तोवर आमच्या हातातून सुटून प्रतापनगरभर फिरत होता. करारावर वर्षाचे 62,000 युरो लिहिले होते. कोणीतरी मोबाइलवर गुणाकार केला, पंचावन्न लाख ऐंशी हजार आले, आणि दोन दिवसांत आम्ही 'पंचावन्न लाखवाले' झालो. गोकुळपेठच्या बाजारात नेहमीच्या भाजीवालीनं मला वांगी तोलून देताना विचारलं, "म्याडम, तिकडं एवढे पैसे ठेवतेत कुठं हो?" तिला कसं सांगणार, की शीटच्या पहिल्या ओळीत महिन्याचे 5,166 होते आणि दुसऱ्या ओळीपर्यंत येता येता कापून त्यांचे 3,600 झाले होते. तिसऱ्या ओळीत भाडं, 1,450. तिथं भाड्यालाही तापमान असतं. नुसत्या जागेचं ते थंड भाडं. हीटिंग, पाणी, जिन्याची झाडझूड हे सगळं चढलं की गरम भाडं. आमचं थंड 1,150, गरम 1,450. वीज आणि इंटरनेट मिळून 110. किराणा 550. प्रवासाचा पास तेव्हा, 2025 मध्ये, माणशी 58, तो देशभरातल्या बसला आणि साध्या गाड्यांना चालतो. लेक सहाच्या आतली, ती फुकट. सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी 18 युरो 36 सेंट, दर घरामागे, घरात टीव्ही असो नसो. या ओळीपाशी बाबा बराच वेळ थांबले होते. सगळ्या शीटमध्ये त्यांना आवडलेली ही एकच ओळ. "36 सेंट," ते म्हणाले, "हा खरा आकडा. बाकीचे तुम्ही गोल केले आहेत."

अनामतीचं उत्तर सोपं होतं, राहून गेली होती. थंड भाड्याच्या जास्तीत जास्त तिप्पट घेता येते असा तिथला कायदा आहे आणि घरमालक त्या कायद्याचा पूर्ण मान राखतो. 3,450 युरो. नवऱ्यानं मुकाट्यानं 'एकवेळ खर्च' असा वेगळा रकाना केला.

तिसऱ्या मुद्द्यानं मला रात्री झोप येऊ दिली नाही. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. विनाअनुदानित तुकडी, नऊ वर्षं, हातात 38,000. फार नव्हते, पण दर महिन्याच्या सात-आठ तारखेला ते यायचे, आणि ते येतात हे माझ्या चालण्या-बोलण्यात कुठंतरी असायचंच. शीटमध्ये त्या जागी शून्य मीच टाइप केलं होतं. टाइप करताना काही वाटलं नाही, पण बाबांच्या अक्षरात 'शून्य दर्शविले आहे' असं वाचलं तेव्हा वाटलं. 'कारण स्पष्ट करावे'. कारण काय स्पष्ट करणार? भाषा येत नाही. लेकीला तिथल्या बालवाडीत जागा मिळेतोवर कोणीतरी घरी हवं, आणि ते कोणीतरी कोण हे आमच्यात कधी बोललंच गेलं नव्हतं, आपोआप ठरलं होतं. हे सगळं उजव्या बाजूला लिहायचं म्हटलं तर कागद पुरला नसता. मी लिहिलं, "तात्पुरते." बाबांनी त्यावर बारीक टिकमार्क केली. पटली म्हणून की दया म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

आणि देणेघेणे. बाबांची खर्चाची वही ज्यांनी पाहिली नाही त्यांना या शब्दाचं वजन कळायचं नाही. 200 पानी लाँगबुक, दरवर्षी नवी, पण शीर्षं तीच. किराणा, दूध, वीज, शाळा, औषधपाणी, कूलर, देणेघेणे. होय, कूलरला स्वतंत्र शीर्ष होतं, नागपुरात ते असायलाच पाहिजे. एप्रिल लागला की नवा वाळा, पंपाची मोटर, टाकीला आतून रंग, आणि तो वाळा पहिल्यांदा भिजला की घरभर पसरणारा तो ओल्या मुळांचा वास, ज्याचा खर्च मात्र कुठंच लिहिलेला नसायचा. देणेघेणेची पानं सगळ्यांत मळकी. तीच सारखी उघडली जायची. मामांच्या घरची वास्तुशांत, 101. गणपतीची वर्गणी. पेपरवाल्या मुलाची दिवाळी. 'नानांना दवाखान्यासाठी 500 (प.ये.ना.)'. हे प.ये.ना. मी बरीच वर्षं कुठल्यातरी खात्याचं नाव समजत होते. मोठेपणी कळलं, 'परत येणार नाही'. आणि उलट बाजूला घेणे: माझ्या बारशाला कोणी काय आणलं इथपासून सगळं. कोणाकडं कार्य निघालं की बाबा ती जुनी वही काढायचे, त्यांनी आपल्याला काय दिलं होतं ते पाहायचे आणि त्यावर थोडं चढवून आहेर करायचे.

मला हे सगळं लहानपणी फार खुजं वाटायचं. माणसांच्या प्रेमाचा कोणी असा हिशेब ठेवतं का? शिवाय त्या पानांनी आमच्या घरातलं काय काय गिळलं ते मी पाहिलं होतं. आईचा मिक्सर तीन दिवाळ्या पुढं गेला, कारण त्या तिन्ही वर्षी बाबांच्या भावंडांपैकी कोणाची ना कोणाची लग्नं होती. पाट्यावर चटणी वाटताना आई काही बोलायची नाही, नुसता वरवंटा जरा जोरात फिरायचा. माझं लग्न झाल्यावर मी तेच करायला लागले, वही न ठेवता. महालक्ष्म्यांची ओटी, सोसायटीची वर्गणी, कॉलेजातल्या कोणाचा निरोप समारंभ, कोणाच्या मुंजीचं पाकीट. पाकिटावर नाव टाकताना दरवेळी नवऱ्याशी तेच बोलणं, "पाचशे एक की अकराशे?"

तेव्हा खरं सांगते, शीटमध्ये ते शीर्ष राहून गेलं नव्हतं. मी मुद्दाम घातलं नव्हतं.

बर्लिनला पोचल्यावर पहिला दणका शीटला बसला तो स्वयंपाकघरानं. घराच्या किल्ल्या मिळाल्या, दार उघडलं, खोल्या छान, लाकडी जमीन, उंच खिडक्या. स्वयंपाकघरात शिरलो तर चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेली नळांची दोन तोंडं आणि शेगडीसाठी लोंबणारी एक जाड वायर. सिंक नाही, ओटा नाही, एक फळी नाही. तिथं बऱ्याच घरांत अशीच रीत आहे, भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर घेऊन येतो आणि जाताना उपटून घेऊन जातो. आधीच्या भाडेकरूंनी त्यांचं आधीच हलवलं होतं. आम्ही कोणाचं तरी जुनं 1,200 युरोला घेतलं आणि ते बसेपर्यंत अकरा दिवस मी न्हाणीघराच्या फरशीवर इंडक्शन ठेवून वरणभात केला. फोडणी दिली की खिडकी सताड उघडायची, बाहेर मार्चची चार डिग्री, आत मोहरी तडतडतेय, आणि लेक दोन स्वेटर घालून टबाच्या काठावर बसून विचारतेय, "आई, हे किचन आहे का बाथरूम?" हा 1,200 चा आकडा बाबांना कळवला तेव्हा ते फोनवर म्हणाले, "माझ्या ध्यानातच नाही आलं विचारायचं." त्यांच्या आवाजात ऑडिटरची हळहळ होती.

हळूहळू शीट बसत गेली. किराण्याचे 550 जेमतेम पुरायचे, आणि ते पुरवायला कुठं जावं लागतं तेही कळलं. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याच्या काठी, मायबाखउफरला, तुर्की लोकांचा बाजार भरतो. बाजार उठायच्या वेळेला गेलं की टोमॅटोची अख्खी पेटी स्वस्तात पदरात पडते. तिथं पहिल्यांदा सांबार दिसला, हिरवागार, जुडी बांधलेला, तेव्हा मी दोन पिशव्या खाली ठेवून नुसता वास घेतला. पुणेकर मैत्रिणीला सांबार म्हटलं की इडली आठवते, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कोथिंबीर म्हणजे भाजी घेतल्यावर वरून मिळते ती गोष्ट. ती पिशवीत पडली नाही तर आपण भाजीवालीकडं नुसतं बघायचं, ती समजते. इथं त्या जुडीवर किंमत लिहिलेली होती. मी मोजून पैसे दिले, त्यानं मोजून परत दिले, दोघंही हसलो, आणि तरी घरी येईपर्यंत मला काहीतरी विसरल्यासारखं होत राहिलं.

एप्रिलअखेरीला नवऱ्याची पगारपत्रिका आली ती मी व्हिडिओवर बाबांना दाखवली, म्हणजे त्यांनीच मागितली. 5,166 चे 3,600 कसे होतात हे त्यांना दुसऱ्या कोणाच्या शब्दांवर विश्वास ठेवून मान्य नव्हतं. एकेक लांबलचक जर्मन शब्द मी अडखळत वाचायची आणि ते इकडं लिहून घ्यायचे. आयकर त्यांच्या अंदाजापेक्षा कमीच निघाला, बायकोला पगार नसला की नवऱ्याला करवर्ग बदलून घेता येतो. मोठी कपात दुसरीच होती. आजाराच्या विम्याचे पगाराच्या साडेआठ टक्क्यांच्या वर, पेन्शनचे 9.3, शिवाय बेकारीचा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा. जवळजवळ तेवढंच कंपनी वेगळं भरते. "आजाराचे एवढे? एवढा कोण आजारी आहे?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्यातलं कोणी नाही, ज्याचा पगार जास्त त्याचे जास्त कापतात, ज्याचा कमी त्याचे कमी, आणि उपचार सगळ्यांना तेच. मी आणि लेक त्याच हप्त्यात आलो, वेगळा पैसा नाही. शिवाय मुलामागे सरकार दरमहा, 2025 च्या दरानं, 255 युरो खात्यात टाकतं, आणि बर्लिनमध्ये बालवाडीची फी नाही, फक्त जेवणाचे 23. बाबा बराच वेळ गप्प होते. मागं कूलरचा आवाज येत होता, नागपुरात तेव्हा 43 होतं आणि पुढं अख्खा मे आणि नवतपा पडलेला. मग ते म्हणाले, "म्हणजे पूर्ण गावाचीच वर्गणी आहे ही. नानांचे 500 इथं पगारातूनच कापून राहिले." थोडं थांबून म्हणाले, "पण मग नानांना कळत नसंल ना, कोणी दिले ते."

हे मला पटलं नाही, तेव्हाही आणि आताही. नानांना कळायचं, म्हणूनच तर नाना पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी आले की खुर्चीच्या टोकावर बसायचे. चहा अर्धाच घ्यायचे. मला तो अर्धा कप आठवतो, वर साय धरलेला. ज्याला दवाखान्यासाठी कोणापुढं हात पसरावा लागत नाही तो माणूस खुर्चीत नीट मागं टेकून बसतो, हे मी रोज बघत होते. पण हेही बघत होते की आठ महिन्यांत आमच्या दाराची घंटा पार्सलवाल्याखेरीज जवळपास कोणी वाजवली नव्हती.

देणंघेणं तिथंही आहे, हे कळायला उन्हाळा उजाडावा लागला. रस्त्याच्या कडेला, घरांच्या पायऱ्यांवर खोके ठेवलेले असतात. आत कपबश्या, पुस्तकं, लहान झालेले बूट, आणि बाहेर मार्करनं लिहिलेलं असतं की न्या, फुकट आहे. आमच्या घरातलं मोठं पातेलं, ज्यात मी आता गोळाभात करते, ते अशाच खोक्यातलं. पहिल्यांदा उचलताना मी आजूबाजूला पाहून घेतलं होतं, चोरी केल्यासारखं. आत कोणाचं नाव कोरलेलं आहे का तेही सवयीनं उलटं करून पाहिलं. आपल्याकडच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला कोणाच्या तरी लग्नाची तारीख असते. हे कोरंच होतं. तसंच बाटल्यांचं. पाण्याच्या, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीमागे 25 सेंटपर्यंत परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती येते. पण बागेत, स्टेशनवर पुष्कळ लोक ती बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या बाजूला जमिनीवर नीट उभी करून ठेवतात. गोळा करणाऱ्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. लेक हे बालवाडीत शिकून आली आणि आता मला डब्याकडं जाऊच देत नाही, स्वतः बाटली उभी करते, तिचं टोपण नीट बसवते आणि मागं वळून न बघता पळत येते. ती बाटली कोण नेतं हे तिनं पाहिलेलं नाही. नेणाऱ्यानं तिला पाहिलेलं नाही. हे चांगलंच आहे, मला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी माझं एक मन त्या बाटलीपाशी घोटाळतं.

वरच्या मजल्यावर एक एकट्या आजी राहतात. आम्ही घरी नसलो तर पार्सलवाला आमची खोकी त्यांच्याकडं ठेवतो, तिथं शेजारी एकमेकांसाठी तेवढं करतातच. तीनदा ठेवली, तेव्हा मी शंकरपाळे तळले, स्टीलचा डबा भरून नेऊन दिला. त्या दारातच उभं राहून खूप आनंदल्या, डब्याचं झाकण कसं उघडायचं ते मला विचारून घेतलं. दोन दिवसांनी डबा आमच्या दाराच्या मुठीला कापडी पिशवीत लटकलेला होता. लखलखीत घासलेला, आत आभाराचं छोटं कार्ड, सुंदर अक्षरात. बाकी रिकामा. मी तो डबा हातात घेऊन जिन्यातच उभी राहिले. आमच्याकडं डबा रिकामा परत जात नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात, तीही नसली तर कढीपत्त्याची काडी, आणि मग त्या काडीचं काय करायचं म्हणून परत काहीतरी जातं, असं करत करत दोन घरांची तीस-तीस वर्षं निघून जातात. आजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी तीन पार्सलं सांभाळली, मी शंकरपाळे दिले, त्यांनी आभार मानले. त्यांच्या लेखी फिट्टमफाट. माझ्या लेखी खातं आत्ता कुठं उघडलं होतं.

ऑगस्टमध्ये लेकीला बालवाडीत जागा मिळाली आणि सप्टेंबरपासून मी एका बेकरीत काम करते. आठवड्याला दहा तास. पहाटे पावांचे खोके उतरवायचे, काउंटरवर उभं राहायचं, तीळवाला, भोपळ्याच्या बियांचा, राय, अर्धा कापून, पूर्ण कापून. गणिताचा उपयोग सुटे पैसे देण्यापुरता. तासाला किमान मजुरी 2025 मध्ये 12.82 होती, आणि महिन्याला 556 युरोपर्यंत कमावलं तर नवऱ्याच्या विम्यातून बाहेर पडावं लागत नव्हतं, म्हणून 556 लाच थांबायचं. एरवी मी कधी गुणाकार करत नाही, त्या सवयीनं माणूस तिथं उपाशी मरेल. पण हा एक केला. दर तोवर 102 झाला होता. 56,712 रुपये. नऊ वर्षं मी बारावीच्या पोरांना ज्या 38,000 मध्ये इंटिग्रेशन शिकवत होते, त्याच्या दीडपट मला पाव विकण्याचे मिळत होते. दुपारी पीठ माखलेला ॲप्रन काढताना हा आकडा डोक्यात आला की हसू येतं, आणि हसू पुरतं यायच्या आत दुसरं काहीतरी.

दिवाळीला आलो. विमानतळावरून घरी येताना गाडीच्या काचा खाली केल्या तर ऑक्टोबरचं ते कडक ऊन आणि वर्धा रोडवरची धूळ, दोन्ही एकदम अंगावर आलं. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, लेकीनं पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी वाटी सोडली नाही. चार दिवस फराळ, भेटी, पाहुण्यांचे तेच प्रश्न. "काय ठेवतं मग महिन्याचं शिल्लक?" कोणी बारीक झालीस म्हणालं, कोणी गोरी झालीस. बाबा यातल्या कशात नव्हते. भाऊबीज झाल्यावर रात्री त्यांनी कपाटातून तो कागद काढला. घडी तशीच ताठ. पहिल्या मुद्द्यासमोर त्यांनी स्वतःच पेन्सिलीनं '102' लिहून ठेवलं होतं. दुसऱ्यासमोर मी लिहिलं, 3,450, शिवाय स्वयंपाकघर 1,200. तिसऱ्यासमोर 'तात्पुरते' होतं, त्याखाली लिहिलं, "556." त्यांनी विचारलं, "कसलं काम?" मी फोनवर 'पार्टटाइम' एवढंच सांगितलं होतं. म्हटलं, "पाव विकते." त्यांनी आकड्याकडं पाहिलं, ओठ हलले, गुणाकार केला असावा. टिकमार्क केली. काही बोलले नाहीत. नंतर उठून स्वतःच्या हातानं माझ्यासाठी पाणी घेऊन आले, मी मागितलं नव्हतं.

चौथ्यासमोर मी खोके, बाटल्या, रिकामा डबा असं सगळं सांगायला लागले. ते शांतपणे ऐकत होते. "रक्कम?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "रक्कम नाही बाबा." "मग शीर्ष उघडता येत नाही." आणि त्यांनी या वर्षीची वही काढली. शेवटच्या पानावर एक नवं शीर्ष होतं, जे मी त्यांच्या वहीत कधी पाहिलं नव्हतं. 'उचंत'. ज्या खर्चाला अजून घर मिळालं नाही तो सरकारी हिशेबात उचंत खात्यात पडून राहतो, एवढं मलाही माहीत होतं. खाली माझ्या नावाची नोंद. मामेभावाच्या लग्नाचा आहेर, 2,100. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, 501. बारशाचं पाकीट, 501. महालक्ष्म्यांची ओटी, 351. आमच्या जुन्या पोळ्यावाल्या मावशींची दिवाळी, 1,000. भांडेवाल्या बाईंच्या मुलीच्या वह्या, 640. शेजारच्या काकूंच्या ऑपरेशनला फळं, 540. कॉलेजातल्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न, 2,000. तान्ह्या पोळ्याचा बोजारा, अकरा पोरं, प्रत्येकी 20, म्हणजे 220. लाकडी बैल घेऊन आलेल्या त्या अकरा पोरांना माझ्या नावानं बोजारा दिला, माझी लेक त्या वेळी बर्लिनच्या वाळूत किल्ला करत होती. एकूण 7,853.

"हे तुम्ही माझ्या नावानं दिलं?"

"पाकिटावर तुमचंच नाव टाकलं. कोणी विचारलं तर सांगितलं, तिनं पाठवले."

राग यायला हवा होता. जे मी विचार करून मागं टाकून गेले होते ते यांनी आठ महिने माझ्या पाठीमागं चालू ठेवलं होतं, आणि मामेभावाचा आभाराचा फोन आला होता तेव्हा मी गोंधळून "अरे, त्यात काय" म्हणाले होते, ते आता कळलं. आलाही थोडा राग. मी पर्स काढली, 7,900 मोजले आणि वहीवर ठेवले. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी नोटा उचलल्या, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या, खिशात घातल्या आणि 'उचंत'समोर 'वसूल' लिहून खाली दुहेरी रेघ मारली. मग खिसे चाचपले, आईच्या देवघरातल्या डबीत पाहून आले.

"47 तुझे निघतात. सुटे नाहीत."

"यूपीआय करा."

"तुझं ते बंद पडलं ना? इकडचं सिम रिचार्ज नाही केलं तू." हे खरं होतं. नवऱ्याचं तर कधीचंच बंद होतं.

"राहू द्या मग बाबा. सत्तेचाळीस रुपये."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं चंद्रपूरच्या कुठल्याशा कॅशियरकडं पाहिलं असेल. मग पान उलटलं, पट्टी घेऊन नवी रेघ आखली, वर माझं नाव लिहिलं आणि जमा बाजूला, रुपयांपुढं पैशांची दोन शून्यंही न चुकता, लिहिलं: 47.00.